डीएपीचे तीन दाणे

आमच्या दुकानात फॉस्फेट पोत्यांनी विकलं जातं आणि दुकानामागच्या खोलीत मी ते मिलिग्रॅमने मोजून पाण्यातून बाहेर काढत बसतो. दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र, बाबांनी सुरू केलेलं. मागच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, दोन क्लाउनफिश, थोड्या गोगलगायी आणि दगडांवर वाढणारे मऊ प्रवाळ आहेत. खालची साठवणीची टाकी धरली तर पाणी साधारण २०० लिटर भरतं.

गाव मालेगाव. नाशिकचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. हे दर वेळी सांगावं लागतं. टाकीसाठी मागवलेल्या मिठाची पहिली बादली पत्त्यावरचं 'मालेगाव' एवढंच वाचून कुणीतरी नाशिककडे पाठवली आणि ती फिरून आमच्याकडे यायला अकरा दिवस लागले. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. बाबांना मी पहिल्यांदा सांगितलं की घरात समुद्राचं पाणी ठेवायचं आहे, तेव्हा ते म्हणाले, "खारंच पाणी पायजे तं लोणारले जाय ना. इतलं जवळ असून पैसे कायले घालतं?" लोणारच्या पाण्यात मासा जगत नाही, ते भयंकर अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास, आणि समुद्राचा सव्वाआठच्या आत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तुह्या बादलीतलं मीठ सोन्याचं हाये का?"

हे खूळ मालवणहून आलं. मित्रांबरोबर गेलो होतो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घातलं. पाणी काही चित्रातल्यासारखं निळंशार नव्हतं, गढूळच होतं, पण त्या गढूळ पाण्यात दगडांवर प्रवाळ होते आणि त्यांच्यातून मासे ये-जा करत होते. महाराष्ट्राला प्रवाळ आहेत हेच मला तोवर माहीत नव्हतं. नंतर वाचलं की विजयदुर्गच्या समोर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, आणि तिथे मोठी प्रवाळवसाहत आहे. एवढं वाचल्यावर माणूस गप्प बसू शकतो. मी बसलो नाही.

कठीण सांगाड्याचे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरी ठेवणं गुन्हा आहे आणि तो तसा असावा हेच मला पटतं. म्हणून माझ्याकडे फक्त मऊ जाती आहेत. झोअँथस, म्हणजे बटणाएवढी फुलं दिसतात ती, आणि अळंबीसारखे दिसणारे चपटे 'मशरूम'. दगडही समुद्रातले नाहीत. पुण्यातल्या एका छंदिष्ट माणसाने आपली टाकी मोडली तेव्हा त्याच्याकडून साध्या चुनखडीचे दगड आणि वाळू स्वस्तात घेतली. जिवंत माल थर्माकोलच्या खोक्यात रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला. पहाटे पाचला हायवेवर उभं राहून मी तो उतरवून घेतला.

पहिले सहा महिने सगळं छान चाललं. मग दगडांवर हिरवे केस उगवले. शेवाळाचे केस, बोटभर लांब, पाण्याच्या झोताबरोबर हलणारे. ते झोअँथसच्या फुलांवर पसरले आणि फुलं मिटायला लागली. ब्रशने घासून काढावेत तर चार दिवसांत परत. शेवटी फॉस्फेट मोजायचं मीटर मागवलं. दहा मिलिलिटर पाणी कुपीत घ्यायचं, पुडी टाकायची, दोन मिनिटं हलवायचं, थोडं थांबायचं. पाण्यात फॉस्फेट असेल तर फिकट निळा रंग येतो आणि मीटर त्या निळ्याचा आकडा सांगतं. आकडा आला ०.४२. म्हणजे लिटरमागे ०.४२ मिलिग्रॅम. प्रवाळांच्या समुद्रात हा आकडा ०.०२ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. घरच्या टाकीत ०.०३ ते ०.१ पर्यंत चालतं असं बहुतेक अनुभवी लोक सांगतात.

फॉस्फेट विष नव्हे. ते अन्न आहे आणि तीच अडचण आहे. समुद्रात ते इतकं कमी असतं की शेवाळ उपाशी राहतं, आणि शेवाळ उपाशी म्हणून प्रवाळाला जागा मिळते. अन्न वाढलं की जो पटकन खातो तो वाढतो. शिवाय जास्त फॉस्फेटमुळे कठीण प्रवाळांचा चुन्याचा सांगाडा वाढायलाही अडथळा येतो. तो प्रश्न माझ्याकडे नव्हता, पण शेवाळाचा होता.

मी दुकानदार आहे, हिशेब मांडला. डीएपीचं पोतं ५० किलोचं, सध्या १३५० रुपयांचं. १८:४६ मधला ४६ हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा. त्याचं फॉस्फेट केलं तर एका पोत्यात तीस किलोहून थोडं जास्त भरतं. माझ्या २०० लिटर पाण्याचा आकडा ०.०५ वरून ०.२५ वर न्यायला किती फॉस्फेट लागेल? ४० मिलिग्रॅम. म्हणजे ६५ मिलिग्रॅम डीएपी. डीएपीचा तीन मिलिमीटरचा एक दाणा वीस-बावीस मिलिग्रॅमचा असतो. तीन दाणे. ज्या दाण्यांवर आमचं घर चालतं, त्यातले तीन दाणे माझा समुद्र बिघडवायला पुरेसे होते.

मग शोध सुरू झाला, येतंय कुठून. बोअरचं पाणी मी आरओमधून आणि पुढे रेझिनमधून काढतो. ते मोजलं, शून्य. (आरओचं वाया जाणारं पाणी आई भांड्यांना आणि संडासाला वापरते. उन्हाळ्यात त्यावरून घरात रोज एकदा बोलणं होतंच.) मीठ घोळून मोजलं, शून्य. माशांचं कोरडं खाद्य: त्यात एक टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्य म्हणजे दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे तीस मिलिग्रॅम फॉस्फेट. मी अंदाजे चिमटीने टाकत होतो. वजन केलं तर रोज अर्धा ग्रॅम जात होतं, दोन बोटभर माशांना. ते निम्म्याहून कमी केलं, तरी आकडा हवा तसा उतरेना.

एका दुपारी गाडी उतरवून घेतली होती. हमालांबरोबर मीही पोती सरकवली, दोन फुटलेली पोती शिवली. मग हात कपड्याला पुसले आणि टाकीत कोपरापर्यंत घालून शेवाळ घासायला लागलो. हात आत असतानाच लक्षात आलं. हात बाहेर काढले, अर्धा लिटर आरओचं पाणी पातेल्यात घेतलं, त्यात दोन्ही हात खळबळून धुतले आणि ते पाणी मोजलं. माझं मीटर ०.९० च्या वर मोजत नाही, तिथे आकडा नुसता लुकलुकत राहतो. तो लुकलुकत राहिला. मी दिवसभर खत हाताळायचो आणि रात्री त्याच हातांनी समुद्र साफ करायचो.

त्याच वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू झालं.

साखर जुनी होती, पथ्य कधी पाळलं नाही. क्रिएटिनिन वाढत गेलं आणि एका टप्प्यानंतर डॉक्टरांनी पर्याय ठेवला नाही. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, वीस-पंचवीस किलोमीटरवर वाशीमला. मी गाडी चालवायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. दुसऱ्या महिन्यातल्या रक्ताच्या अहवालात एका ओळीवर गोल काढलेला होता: फॉस्फरस ७.८. असायला हवा अडीच ते साडेचार. डॉक्टर म्हणाले, "हा खाली आला पाहिजे. खाज याच्यामुळे आहे." बाबा रात्र रात्र खाजवत बसायचे, पाठीला नारळाची करवंटी लावून. मूत्रपिंडं चालतात तेव्हा जादा फॉस्फरस लघवीतून जातो. ती थांबली की तो रक्तात साठतो, हाडातलं कॅल्शियम ओढतो, रक्तवाहिन्यांत चुना बसवतो.

मी त्या बाकावर अहवाल हातात धरून बसलो आणि मला थोडं हसू आलं, थोडी लाजही वाटली. कारण हा विषय मला येत होता. निदान मला तसं वाटलं.

मी दोन्हीकडे एकाच जोमाने कामाला लागलो. टाकीसाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे आणले. हे गंजाच्या रंगाचे दाणे असतात, पाणी त्यांच्यातून गेलं की फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतं. सांगितलेल्या मापाच्या दुप्पट भरले. घरात आहाराचा तक्ता भिंतीला लावला. दूध बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, वरण वाटीऐवजी चमचाभर, पिठलं नाही. आई भाज्या उकडून पाणी फेकून द्यायची. तुरीच्या दाण्यावर वाढलेला माणूस पांढरा भात आणि उकडलेली दोडकी खात बसायचा. एकदा ताट सरकवून म्हणाले, "मले तुह्या टाकीतला मासा समजतं काय बे?"

टाकीचा आकडा पंधरा दिवसांत ०.०० झाला. मी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. शेवाळ मेलं, दगड स्वच्छ दिसायला लागले. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी, चिकट साय आली. दिवसा वाढायची, तिच्यातून बुडबुड्यांचे दोरे निघायचे, रात्री दिवा बंद झाला की विरळ व्हायची. ओळखीच्या शिक्षकांच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक वापरून पाहिलं. एकपेशीय, गरगर फिरणारे जीव. डायनोफ्लॅजेलेट. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही तळाला गेले की बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि मोकळ्या जागेवर हे पसरतात. यांच्या काही जाती विषारी असतात. आठ दिवसांत अकरा गोगलगायी मेल्या. झोअँथसची फुलं बारीक झाली, रंग उडाला, एक वसाहत विरघळूनच गेली. शेवाळाने इतके महिने जे केलं नव्हतं ते माझ्या शून्याने महिन्याभरात केलं.

आणि बाबा? अडीच महिन्यांनी फॉस्फरस ७.१. वजन मात्र चार किलो उतरलेलं आणि अल्ब्युमिन खाली. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "यांना उपाशी ठेवता का? डायलिसिसच्या पेशंटला प्रथिनं जास्त लागतात, कमी नाही. प्रत्येक वेळी मशीनमधून थोडी जातात." मग ते म्हणाले, "गोळी कधी घेतात?"

सेव्हेलामर नावाची गोळी होती. मी सांगितलं, जेवणानंतर, तासाभराने, बाकीच्या गोळ्यांबरोबर. तासाभराने मीच देत होतो, डबीत कप्पे करून, वेळ लावून.

"ही जेवणासोबत घ्यायची असते," डॉक्टर म्हणाले. "घासाबरोबर. ही रक्तात जाऊन काही करत नाही. पोटात अन्नातलं फॉस्फेट पकडते आणि शौचातून बाहेर नेते. अन्न पुढे गेल्यावर घेऊन काय पकडणार?"

घरी आल्यावर पाकीट पाहिलं. लिहिलेलं होतं. मला वाचता येणाऱ्या भाषेत, मला दिसणाऱ्या अक्षरात. टाकीच्या मीटरची माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली होती. फेरिक ऑक्साइड पाण्याच्या वाटेत कुठे ठेवायचं यावर दोन रात्री घालवल्या होत्या. आणि जे पकडायचं ते जिथून जातं तिथेच पकडणारी वस्तू असली पाहिजे, ही एवढी साधी गोष्ट मी बाबांच्या गोळीला लावून पाहिली नव्हती. चार महिने. मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. बाबांना सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. ते म्हणाले, "बरं, आता देजो घासासंगं." आणि करवंटी मागितली.

त्यानंतर मी जरा हळू झालो.

हळू झाल्यावर काही गोष्टी दिसल्या. टाकीत फेरिक ऑक्साइड काढून घेतलं की आकडा चार दिवसांत पुन्हा चढायचा, खाद्य टाकलं नाही तरी. कारण ते दगडांतून येत होतं. चुनखडी फॉस्फेट धरून ठेवते. पुण्याच्या टाकीत त्या दगडांनी वर्षानुवर्षं जे धरलं, ते माझ्या पाण्यात कमतरता झाली की सोडत होते. मी पाणी मोजत होतो, साठा दगडांत होता. बाबांचंही तेच. शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत असतो, रक्तात अगदी थोडा. चार तासांत मशीन रक्तातला काढतं, साधारण आठशे मिलिग्रॅम, आणि सुई काढल्यावर काही तासांत आतून परत भरून येतो. रोजच्या जेवणातूनही तेवढाच पोटात जातो. सगळा शोषला जात नाही, तरी आठवड्याच्या दोन फेऱ्यांनी हिशेब जुळत नाही.

हे मी बाबांना सांगत होतो तर ते म्हणाले, यात नवीन काय. आपली काळी जमीन चुनखडीची. शेतकरी दर वर्षी डीएपी टाकतो, पिकाला त्यातलं थोडंच मिळतं, बाकी चुन्याला बांधलं जाऊन जमिनीतच पडून राहतं. "माती तपासून आणली तं कागदावर कमीच दाखवते. जमिनीत लई हाये. पण झाडाले भेटत नाही." म्हणून तर सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियमबरोबर पीएसबी लावायला सांगतात. ते जिवाणू आम्ल सोडून बांधलेलं स्फुरद मोकळं करतात. चाळीस वर्षं ते हेच काउंटरवर बसून लोकांना सांगत आले होते, आणि बरेच लोक पीएसबीची बाटली न घेता आणखी एक पोतं घेऊन जात होते.

आहाराचा तक्ता मी उतरवला आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दुसरा दिला. त्यात डाळ परत आली. डाळीतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो, ते फोडणारं विकर माणसाच्या पोटात नाही, म्हणून त्यातला बराच भाग तसाच बाहेर जातो. उलट काळी थंड पेयं आणि पाकिटातले पदार्थ यांत टाकलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. मी वरणावर पहारा ठेवला होता, आणि डायलिसिसहून येताना बाबांना बरं वाटावं म्हणून टपरीवर अधूनमधून थंड पेयाची छोटी बाटली मीच घेऊन देत होतो.

टाकीला मला उलटं औषध करावं लागलं. फॉस्फेट घालावं लागलं. दुकानाच्या फळीवरून ०:५२:३४ ची पुडी काढली. हे पूर्ण विरघळणारं खत आहे, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ठिबकमधून किंवा फवारणीतून देतात. एक लिटर पाण्यात १.४ ग्रॅम घोळलं. त्यातले दहा मिलिलिटर टाकीत घातले की आकडा ०.०५ ने वाढतो. खत प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं नसतं, कुणी माझ्यावरून हे करू नये. मी केलं, कारण हाताशी तेच होतं आणि माप इतकं लहान होतं. रोज मोजायचो आणि रोज घालायचो, दगड ते पिऊन टाकायचे. तीन आठवड्यांनी आकडा ०.०६ वर टिकला. नायट्रेटही थोडं वर आलं. तपकिरी साय आधी फाटली, मग गेली. एक झोअँथसची वसाहत वाचली, सात फुलांची. आता सत्तरच्या वर फुलं आहेत.

आता मी काय करतो ते सांगून संपवतो, कारण कुणाला उपयोग व्हायचा तर एवढाच होईल. खाद्य वजन करून, दिवसाला ०.१५ ग्रॅम. गोठवलेलं खाद्य असेल तर वितळवून, गाळणीत धुऊन. दर रविवारी वीस लिटर पाणी बदलतो. त्याने फॉस्फेट फक्त दहावा भाग कमी होतं, पण बाकीची घाणही जाते. खालच्या टाकीत दिव्याखाली शेवाळाचा एक गोळा मुद्दाम वाढवतो आणि महिन्यातून दोनदा मूठभर काढून तुळशीत टाकण्याआधी गोड्या पाण्यात भिजवतो. फेरिक ऑक्साइड आकडा ०.१२ च्या वर गेला तरच, सांगितलेल्या मापाच्या निम्मं, आणि ०.०८ ला काढून घेतो. शून्य आलं तर घाबरतो. टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत साबण, मग आरओचं पाणी.

वहीच्या उजव्या पानावर टाकी आणि डाव्या पानावर बाबा. गेल्या महिन्यात ५.६. डॉक्टर म्हणाले, चालेल. खाज आहे, पण झोप लागते. अधूनमधून अर्धी वाटी पिठलं खातात, पहिल्या घासाबरोबर गोळी घेऊन. डायलिसिस सुटणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोणी ते बोलत नाही.

खरीप तोंडावर आहे. काल दुकानासमोर डीएपीचा ट्रक उतरला, दुपारपासून रांग होती. बाबा तासभर खुर्चीवर येऊन बसले, दोन जणांना पीएसबी घ्यायला लावली, मग दमले आणि आत गेले. संध्याकाळी शटर ओढून मी हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा, आणि आत जाऊन विचारलं, गोळी घेतली का.

"घासासंगं घेतली," ते म्हणाले. "जाय तू. तुह्या माशाइले पाह्य."